अर्ध्या वाटेवरून माघारी

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आमचे गाव आहे. घरात मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू अशी आमची तीन भाषांची वहिवाट. जमीन काही काळी, काही जांभ्याची; नदी म्हटली की मांजरा, आणि थोडे दक्षिणेस उतरले की भीमा. अशा मुलखातील माणसाने हिमालयातील बर्फाविषयी लिहावे, हे वाचकांस धाडसाचे वाटेल. बर्फ म्हटला की आम्हांस आठवते ती रसवंतीवरची, भुशात गुंडाळून ठेवलेली लादी. आकाशातून पडणारा बर्फ आम्ही पाहिला तो गारांच्या रूपाने. फाल्गुनात अवचित आभाळ भरून येते, उभ्या जोंधळ्यावर गारा कोसळतात, पोरे त्या वेचून तोंडात टाकतात आणि म्हातारी माणसे कपाळाला हात लावतात. घटकाभरात गार वितळून जाते. उरते ते पिकाचे नुकसान.

तरीही लिहिण्यास बसलो आहोत, त्यास कारण आहे. दर महाशिवरात्रीस उखीमठ येथे केदारनाथाचे कपाट उघडण्याची तिथी जाहीर होते. ती वार्ता आमच्या देवळात पोहोचली की यात्रेचे बेत सुरू होतात, आणि त्या बोलण्यात कोणी ना कोणी हमखास म्हणतो, "गुरुजींची यात्रा मात्र अपुरी राहिली हो." गुरुजी आता नाहीत, २०२४ च्या श्रावणात ते गेले. उत्तर देणे आमच्यावर आले आहे, कारण त्या यात्रेत आम्ही त्यांच्याबरोबर होतो, आणि त्यांनी माघारी फिरावे हे आम्हांस त्या दिवशी मुळीच मान्य नव्हते.

केदारनाथाचे आणि आमच्या मुलखाचे नाते जुने आहे. त्या देवस्थानाचे रावळ परंपरेने वीरशैव जंगम असतात आणि मूळचे आमच्या दक्षिणेकडचे असतात. त्यांच्या अनुज्ञेने तेथील पुजारी पूजा करतात. आमच्या शेजारी राहणाऱ्या वीरशैव मंडळींना केदार म्हणजे आपल्याच घराण्याची ओसरी वाटते. आम्हां इतरांस तो बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. गुरुजींच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या पत्नीने जाण्यापूर्वी एक इच्छा बोलून दाखविली होती. गाणगापूरच्या संगमावरचे, म्हणजे भीमा-अमरजेचे, तांब्याभर पाणी केदाराच्या पिंडीवर घालावे. गुरुजींनी तो तांब्या लाखेने बंद करून कापडात बांधला आणि प्रवासभर मांडीवर ठेवला. त्या वेळी त्यांचे वय शहात्तर होते.

२०२३ च्या मे महिन्याच्या आरंभी आम्ही अकरा माणसे निघालो. बीदरहून सिकंदराबाद, तेथून दिल्ली, पुढे हरिद्वार, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी आणि गौरीकुंड. त्या वर्षी कपाट २५ एप्रिलला उघडले होते. परंतु वैशाख आला तरी वर हिमवर्षाव थांबला नव्हता. यात्रेची नोंदणी मधून मधून बंद ठेवावी लागत होती. हे सारे आम्ही वाटेत ऐकले आणि ऐकून सोडून दिले. घरून निघालेल्या यात्रेकरूच्या कानात अशा वार्ता शिरत नाहीत.

गौरीकुंडापासून केदारनाथ सोळा-सतरा किलोमीटर. जुनी वाट रामबाड्यावरून जात असे. २०१३ च्या जूनमधील महापुरात रामबाडा वाहून गेला आणि मंदाकिनीच्या पलीकडच्या काठाने, लिंचोलीवरून, नवी वाट काढण्यात आली. गुरुजींसाठी आम्ही घोडा केला होता. घोडेवाला गढवाली, वयाने साठीचा, बोलणे थोडे. लिंचोलीला पोहोचेतो दुपारचे बारा वाजून गेले. रात्री ताजा बर्फ पडला होता आणि आता ऊन कडकडीत होते. असे निळे आकाश आम्ही जन्मात पाहिले नव्हते. गुरुजींना धाप लागली होती, पण चेहरा प्रसन्न होता.

लिंचोलीच्या पुढे वाटेत गदेरे लागतात. गदेरा म्हणजे डोंगराच्या अंगावरून उतरणारा ओढा. हिवाळ्यात तो बर्फाने भरून जातो आणि वाट त्या बर्फात कापून काढलेली असते. पहिल्या गदेऱ्याच्या अलीकडे दोरी बांधली होती आणि दोन जवान उभे होते. पुढे जाण्यास मनाई. आम्ही त्यांच्याशी वाद घातला. दोन हजार किलोमीटरांवरून आलो आहोत, बरोबर वृद्ध माणूस आहे, समोर तर ऊन पडले आहे, देवाच्या दारी जाणाऱ्यास अडविणारे तुम्ही कोण, असे जे जे यात्रेकरू बोलतो ते ते आम्ही बोललो. त्यांतला थोरला जवान शांतपणे म्हणाला, "बाबूजी, सकाळी या. दुपारी ही वाट बर्फाची."

आमच्यामागून सात-आठ तरुण आले. बोलण्यावरून आमच्याच भागातले. कोणत्या गावचे ते सांगत नाही. जवानांची पाठ फिरताच ते दोरीखालून सरकले आणि हरहर महादेवचा गजर करीत पलीकडे गेले. आमचाही पाय उचलला होता, हे कबूल केले पाहिजे. गुरुजींनी घोड्यावरूनच आमच्या खांद्यावर हात ठेवला. ते काही बोलले नाहीत. पण चाळीस वर्षांपूर्वी वर्गात त्या हाताचा जो अर्थ होता तोच आताही होता, आणि आम्ही थांबलो.

अर्ध्या तासाने वर कोठे तरी गोणपाट फाटावे तसा आवाज झाला. मग गदेऱ्यातून पांढरा, ओला, मातीने मळलेला बर्फ जड रेट्याने खाली आला, वाटेवर आडवा पसरला आणि थांबला. एवढेच. डोळ्यांचे पारणे फिटावे असे त्यात काही नव्हते. वाटेवर त्या वेळी कोणी नव्हते. तरुण सुखरूप पलीकडे पोहोचले होते. त्यांना त्या संध्याकाळी दर्शनही झाले.

रात्री तंबूत घोडेवाल्याने आम्हांस काही गोष्टी समजावून दिल्या. पुढे घरी आल्यावर आम्ही त्या विषयावर मिळेल ते वाचले. दोहोंचा मेळ घालून जे उमगले ते आमच्या खळ्याच्या भाषेत सांगतो. खळ्यात जोंधळ्याची रास घालताना तिचा उतार एका मर्यादेपलीकडे उभा राहत नाही, दाणे आपोआप घसरून पायाशी येतात. बर्फाचेही तसेच, भेद इतकाच, की दाणा आपला हिशेब लागलीच चुकता करतो आणि बर्फ तो दिवसेंदिवस लांबणीवर टाकतो. अगदी सौम्य उतारावर बर्फ निजून राहतो. अगदी उभ्या कड्यावर तो साठतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. धोका मधल्या उताराचा. साधारणपणे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या. तेथे बर्फ साठतोही आणि सुटतोही.

शिवाय बर्फ थरांनी साठतो. कडाक्याच्या निरभ्र थंडीत जुन्या बर्फाचे कण एकमेकांचा हात सोडतात आणि साखरेसारखे मोकळे होतात. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा त्यास दाबून घट्ट करतो. ताटात साखर पसरावी, वर पापड ठेवावा आणि ताट तिरके करावे. पापड अखंडच्या अखंड घसरतो. वरचा थर कितीही घट्ट असला तरी खालची साखर त्यास धरून ठेवत नाही. मग एका माणसाचे वजनही पुरेसे होते. युरोप-अमेरिकेतील नोंदी सांगतात, की हिमस्खलनात सापडलेल्या माणसांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो थर त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी मोडलेला असतो.

वैशाखातील रीत थोडी निराळी. रात्री बर्फ गोठून दगड होतो, म्हणून पहाटेची वाट त्यातल्या त्यात बरी. ऊन चढले की वरचा बर्फ पाझरतो, पाणी थरांत उतरते आणि सगळा भार ओला होऊन सुटतो. यात्रेकरूने बर्फावर पाऊलही न टाकता तो येतो; गदेरा ही त्याची नेहमीची उतरण असते आणि वाट तिला आडवी गेलेली असते. खाली उभ्या असलेल्या माणसाला वरचा उतार दिसतसुद्धा नाही. आम्ही ज्याला लखलखीत ऊन म्हणून शुभशकुन मानले, तीच नेमकी भिण्याची गोष्ट होती.

घोडेवाल्याने खुणा सांगितल्या त्या अशा. रात्री नवा बर्फ आणि सकाळी कडक ऊन. बर्फावर पडलेला पाऊस. उतारावरून आपोआप गडगडत येणारे बर्फाचे लहान गोळे. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज. बर्फात अचानक धावत गेलेली चीर. यांतले काही दिसले की उताराखाली थांबू नये. गदेरा ओलांडायचाच झाला तर एकेकाने, मध्ये अंतर राखून, न रेंगाळता ओलांडावा. तेथे छायाचित्रे घेत उभे राहू नये. जयघोषाने बर्फ कोसळतो असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. माणसाच्या आवाजात तेवढे बळ नसते. बर्फ सोडवते ते वजन, ऊब आणि वारा. तेव्हा देवाचे नाव खुशाल घ्यावे. मात्र चालत असता घ्यावे.

आणि बर्फाखाली माणूस सापडला तर? घसरताना पिठासारखा दिसणारा बर्फ थांबताक्षणी गिलाव्यासारखा घट्ट होतो. आतल्या माणसाला हाताचे बोट हलवता येत नाही, आपल्याच श्वासाने तोंडापुढे बर्फाचा पापुद्रा धरतो. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतले नऊ जगतात. अर्धा तास उलटला की तिघांतला एक. म्हणून जाणते गिर्यारोहक अंगावर संदेश देणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे घेऊन जातात. आमच्याजवळ होता तो तांब्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हिमवर्षाव सुरू झाला. गुरुजींना रात्रभर धाप लागली होती, वैद्यकीय पथकातील डॉक्टरांनी आणखी उंचीवर न नेण्याचा सल्ला दिला. आम्ही म्हणालो, दोन दिवस थांबू, वाट उघडेल, डोलीतून नेऊ. गुरुजी म्हणाले, "अरे, मला चार माणसे उचलून नेणार. त्या गदेऱ्याखालून ती चार माणसे माझ्यासाठी जाणार. देवाला हे कसे सांगू?" पाच जण थांबले, दोन दिवसांनी वाट रीतसर मोकळी झाली तेव्हा ते वर गेले आणि दर्शन घेऊन आले. आम्ही सहा जण गुरुजींसह उतरलो.

उतरताना गुरुजींनी उखीमठास नेण्यास सांगितले. भाऊबीजेस केदारनाथाचे कपाट बंद होते, आणि देवाची उत्सवमूर्ती डोलीतून याच ओंकारेश्वराच्या देवळात येते. सहा महिने पूजा येथेच चालते. आम्ही पोहोचलो तेव्हा डोली अर्थातच वर होती आणि देऊळ निवांत होते. पुजाऱ्यांच्या अनुमतीने गुरुजींनी लाख फोडली आणि संगमाचे पाणी तेथे अर्पण केले. आम्ही खिन्न होतो. ते आमच्या ध्यानात येऊन ते म्हणाले, "बर्फ पडला की देव स्वतः खाली येतो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. मग मला का वाटावा?"

या वाक्याचा विचार आम्ही अजून करीत आहोत. सहा महिने देऊळ बंद ठेवण्याची ती परंपरा आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. हिवाळ्यात तेथे देवता पूजा करतात, ही कथाही ऐकली होती. परंतु त्या परंपरेत पर्वताची वेळ पर्वताला सोडून देण्याचे शहाणपण आहे, हे उखीमठच्या त्या पायरीवर कळले. तसे पाहिले तर आमच्याकडेही ते आहे. भीमेला पूर आला की गाणगापूरच्या संगमावर कोणी स्नानाचा हट्ट धरत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेचा महापूर आला, तेव्हा माणसांनी लांबूनच हात जोडले आणि त्यात कोणास धर्मलोप वाटला नाही. नदी आम्हांस वाचता येते. बर्फ वाचता येत नाही, म्हणून तेथे आम्ही शहाणपणाऐवजी नवस पुढे करतो.

ते सात-आठ तरुण गावी परतले, त्यांचे सत्कार झाले. भेटले तेव्हा त्यांतील एक आम्हांस म्हणाला, "काका, तुम्ही उगाच घाबरलात. आम्हांला काहीच झाले नाही." तो खोटे बोलत नव्हता. आणि आम्ही गेलो असतो तर बर्फाखाली सापडलो असतो, असेही आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कदाचित आम्हीही पार झालो असतो. पर्वताची शिकवण्याची रीतच अशी आहे. शाळेत चुकले की मास्तर लागलीच सांगतात. पर्वत नव्याण्णव वेळा चुकीच्या उत्तरास पूर्ण गुण देतो आणि शंभराव्या वेळी पाटीच फोडतो. 'काही झाले नाही' हा त्या वाटेवरचा सर्वांत गोड बोलणारा आणि सर्वांत वाईट गुरू आहे.

कोणी म्हणेल, जाणकारांसही बर्फ सोडत नाही. मग खबरदारीचा उपयोग काय? हे खरे, की ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे पथक द्रौपदी का डांडा या शिखराजवळ हिमस्खलनात सापडले. २७ मृतदेह हाती लागले, आणि त्यांत शिकविणारेही होते. परंतु यावरून खबरदारी व्यर्थ ठरत नाही. जाणत्यांसही जेथे चूक परवडत नाही, तेथे आपल्यासारख्या अजाणांनी दोरीखालून सरकू नये, इतकाच त्याचा अर्थ.

गुरुजींच्या यात्रेस अपुरी म्हणणाऱ्यांस आम्ही आणखी एक आठवण देतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवर, सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि १९ मद्रास पलटणीचे दहा जवान त्याखाली गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे सुनील सूर्यवंशी होते आणि धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद होते. उरलेले कर्नाटक, तामिळनाडू, केरळ आणि आंध्र येथील. सहाव्या दिवशी, ८ फेब्रुवारीस, शोधपथकास हनुमंतप्पा जिवंत सापडले. देशभर देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. आमच्याही देवळात रुद्राभिषेक झाला. ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचा प्राण गेला. त्या वेळी आम्हां सीमेवरच्या माणसांस एक गोष्ट फार जाणवली होती. येथे पाट्यांवरील अक्षरांवरून आमचे वाद चालतात. तेथे मराठी घरचा आणि कानडी घरचा एकाच तंबूत निजले होते आणि एकाच बर्फाखाली गेले.

आणि पुन्हा २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बदरीनाथाच्या पुढे, माणा गावाजवळ, सीमा सडक संघटनेच्या कामावरील मजुरांच्या मुक्कामावर बर्फ कोसळला. चोपन्न जण सापडले. शेचाळीस वाचले, आठ गेले. रस्त्यांवरचा बर्फ दूर करणारे ते हात होते.

ना त्या जवानांना माघारी फिरण्याची मुभा होती, ना त्या मजुरांना. एकाला हुकूम होता, दुसऱ्याला पोट होते. आपल्याला, यात्रेकरूंना, ती मुभा आहे. आणि तीच आपण अपमान समजून फेकून देतो. दोरीखालून सरकलेला यात्रेकरू बर्फाखाली गेला, तर त्यास शोधण्यासाठी त्याच गदेऱ्यात त्याच दुपारी कोणी तरी शिरतो. ज्याने सकाळी त्यास अडविले होते, बहुधा तोच. आपल्या भक्तीची किंमत दुसऱ्याच्या प्राणाने चुकवावी लागणार असेल, तर तिला भक्ती म्हणावे काय, हा प्रश्न गुरुजींनी लिंचोलीच्या तंबूत आम्हांस घातला होता. त्या वेळी आम्ही निरुत्तर झालो, आणि ते बरे झाले.

आज हिमवर्षावाची आणि हिमस्खलनाची पूर्वसूचना देणारी व्यवस्था आपल्या देशात आहे. संरक्षण खात्याची एक संस्था मनालीस १९६९ पासून या बर्फाचा अभ्यास करीत आली. २०२० पासून ते काम चंदीगडच्या नव्या संस्थेत चालते आणि धोका किती आहे याच्या पायऱ्या ठरवून त्या त्या जिल्ह्यांस सूचना धाडल्या जातात. तेव्हा यंत्रणेने कळवावयाचे ते ती कळविते. ऐकावयाचे काम आपले आहे. म्हणून यात्रेस निघणाऱ्या मंडळींस आम्ही देवळात एवढेच सांगतो, की परतीचे तिकीट काढताना दोन दिवस राखून ठेवा. तिथी गाठण्याची घाई माणसास दोरीखालून सरकविते. पहाटे निघा, दुपारपूर्वी मुक्काम गाठा. कोणी थांबविले तर त्यास नमस्कार करा. आणि माघारी फिरावे लागले तर उखीमठास जा.

गुरुजींचा तो रिकामा तांब्या त्यांच्या मुलाने देवळास दिला. तो आता गाभाऱ्याबाहेरच्या कोनाड्यात असतो. गेल्या खेपेस पुन्हा कोणी म्हणाले, गुरुजींची यात्रा अपुरी राहिली. आम्ही तांब्याकडे बोट दाखवून म्हणालो, "पाणी पोहोचले ना? आणि सगळी माणसे घरी आली ना?" यावर कोणी काही बोलले नाही. आरतीची वेळ झाली होती. घंटा वाजू लागली, आणि आम्ही उठलो.